मीटर शून्य दाखवतो तेव्हा...

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी काय येतं, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पाऊस, आई, हॉस्टेलचा पहिला दिवस आणि 'तू' या विषयावरच्या किमान सात कविता! यंदा विभागाच्या संपादकांनी मला कँटीनमध्ये गाठलं आणि म्हणाले, "तुझा सेमिनार चांगला झाला म्हणे. तोच लिहून दे, पण मराठीतून." मी कॉन्व्हेंटची. एकोणसाठ की एकोणसत्तर, यात माझा अजूनही गोंधळ होतो. म्हणून लिहिलेलं सगळं आजीला फोनवर वाचून दाखवलं. तिने बरेच शब्द सुधारले. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मात्र तिची नाही, कारण ते फोनवर ऐकू येत नाही.

विषय सूर्याचा आहे. पण सुरुवात आमच्या रूममधल्या एक्स्टेन्शन बोर्डापासून करावी लागणार.

गेल्या वर्षी ऐन सबमिशनच्या आठवड्यात तो बोर्ड बंद पडला. इस्त्री चालेना, लॅपटॉप चार्ज होईना. मी इलेक्ट्रिकलची, थर्ड इयरची, म्हणजे विंगमधली 'तज्ज्ञ'. मी मोठ्या रुबाबात बोर्ड उघडला, मल्टिमीटर काढला आणि आत आलेल्या दोन वायरींना प्रोब लावले. आकडा आला शून्य. "डेड आहे," मी रूममेटला सांगितलं, "ती सुटलेली वायर जरा बाजूला कर." तिने हात लावला आणि किंचाळून मागे पडली.

पायात रबरी चप्पल होती आणि हात लगेच सुटला, म्हणून थोडक्यात निभावलं. तरी खांद्यापर्यंत मुंग्या आल्या होत्या आणि ती रडत होती. हॉस्टेलचे वायरमन काका धावत आले. त्यांनी आधी प्लग काढला आणि मग बोर्डाऐवजी माझ्या मल्टिमीटरची चकती बघितली. ती डीसीवर होती. काका म्हणाले, "ताई, एसीला डीसी लावून मोजलं तर शून्यच दाखवणार की. मीटरची काय चूक? तुम्ही जे विचारलं तेच त्यानं सांगितलं."

घरातली वीज सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाते. अधिक आणि उणे सारखेच, म्हणून सरासरी शून्य. डीसी मीटर सरासरी मोजतो. २३० व्होल्ट तिथेच होते, फक्त माझ्या मीटरला दिसत नव्हते. हे मी फर्स्ट इयरच्या पेपरात आकृतीसकट लिहून मार्क मिळवले होते! रूममेट दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

त्याच सेमिस्टरला सेमिनारसाठी मी 'सूर्याचे चुंबकीय क्षेत्र कसे मोजतात' हा विषय घेतला होता. खरं सांगायचं तर त्यात गणित कमी असेल अशी आशा होती. लायब्ररीत वाचता वाचता एका ठिकाणी थांबले आणि अंगावर काटाच आला. सूर्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं माझ्यासारखेच बसले होते, हातात शून्य दाखवणारा मीटर घेऊन. फरक एवढाच की त्यांना संशय आला होता आणि मला आला नाही.

सूर्याला प्रोब कुठे लावायचा?

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर. तिथून आपल्याला मिळतो तो प्रकाश. म्हणून चुंबकीय क्षेत्राची खबर त्या प्रकाशातूनच काढावी लागते.

सूर्यप्रकाश पसरून त्याचा स्पेक्ट्रम केला की रंगांच्या पट्ट्यात हजारो बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात. १८९६ साली हॉलंडमधल्या लायडनला पीटर झीमान यांनी सोडियमची ज्योत जोरदार इलेक्ट्रोमॅग्नेटच्या मधोमध ठेवली, तर या रेषा रुंदावल्या. चुंबकीय क्षेत्रात एका रेषेचे तुकडे होऊन ते दोन बाजूंना सरकतात. यालाच झीमान परिणाम म्हणतात. १९०२ चं नोबेल झीमान आणि त्यांचे गुरू लोरेन्ट्झ यांना मिळालं ते याच कामासाठी.

सरकलेल्या या तुकड्यांचा प्रकाश साधा नसतो, 'पोलराइज्ड' असतो. आजीच्या मराठीत याला ध्रुवण म्हणतात. एक दोरी भिंतीला बांधा आणि दुसरं टोक वरखाली हलवा. लाट एकाच पातळीत जाते. हे झालं रेषीय ध्रुवण. आता उड्या मारायच्या दोरीसारखं ते टोक गोल फिरवा. हे वर्तुळाकार ध्रुवण, आणि ते डावं किंवा उजवं असू शकतं. साध्या प्रकाशात सगळ्या दिशांची कंपनं सारख्याच प्रमाणात मिसळलेली असतात.

चुंबकीय क्षेत्र आपल्या दिशेने असेल तर झीमानच्या एका बाजूच्या तुकड्याचं ध्रुवण डावं आणि दुसऱ्याचं उजवं. क्षेत्र उलटं झालं की डाव्याचं उजवं होतं. म्हणजे नुसतं बळच नाही, उत्तर ध्रुव की दक्षिण ध्रुव हेही कळतं. हाच मीटर वापरून १९०८ साली जॉर्ज एलरी हेल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरून सूर्यावरच्या डागांचं क्षेत्र मोजलं. ते सुमारे ३००० गॉस निघालं! पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे अर्ध्या गॉसहूनही कमी आहे. पृथ्वीबाहेर कुठेतरी चुंबकीय क्षेत्र आहे, हे माणसाने तेव्हा पहिल्यांदा मोजून दाखवलं.

डीसीवर ठेवलेली दुर्बीण

पण डाग म्हणजे सूर्याचा केवढासा भाग! बहुतेक वेळा पृष्ठभागाचा एक टक्काही नाही. उरलेल्याला 'शांत सूर्य' म्हणतात. नाव फसवं आहे. तिथे गरम वायू उकळत्या वरणासारखा खालून वर येतो, थंड होतो आणि कडेच्या फटींतून परत खाली जातो. या एकेका बुडबुड्याला ग्रॅन्यूल म्हणतात. एक ग्रॅन्यूल सरासरी हजारेक किलोमीटर रुंद, म्हणजे त्यात अख्खा महाराष्ट्र आडवा मावेल. आयुष्य मात्र पाच-दहा मिनिटं. असा धिंगाणा चालू असताना तिथलं चुंबकीय क्षेत्रही घुसळून निघणार. इथे उत्तर, शेजारी दक्षिण, त्याच्या पलीकडे परत उत्तर.

दुर्बिणीचा एक पिक्सेल सूर्यावरचा शेकडो किलोमीटरचा चौकोन बघतो. त्या चौकोनात उत्तर आणि दक्षिण दोन्ही असली की डावं आणि उजवं ध्रुवण एकमेकांना खाऊन टाकतं. मीटरवर आकडा येतो शून्य.

कळलं ना? एसीला लावलेला डीसी मीटर!

इथे आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने सेमिनारमध्ये शंका काढली होती. "ध्रुवण जाऊ दे, रेषा तर फाकेल ना? फाकणं कसं रद्द होईल?" शंका अगदी रास्त आहे. रुंदावणं रद्द होत नाही. पण क्षेत्र १० गॉस असेल तर रेष जेवढी सरकते, त्याच्या शेकडो पट तिची स्वतःची रुंदी असते, कारण तिथले अणू उष्णतेने सैरावैरा धावत असतात. शेकड्यात हरवलेलं ते एक शोधणार कसं?

आकाश निळं आहे, तेवढंच नाही

मग एसी मीटर कुठला? त्यासाठी आधी आकाशाकडे बघू. सूर्याचा प्रकाश हवेच्या रेणूंवर आपटून बाजूला विखुरतो, म्हणून आकाश निळं दिसतं, हे शाळेत शिकलोय. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की, हा विखुरलेला प्रकाश ध्रुवित असतो. सूर्यापासून काटकोनात बघितलं तर सगळ्यात जास्त.

सूर्यावरही हेच घडतं. सूर्यबिंबाच्या कडेजवळचा एखादा अणू घ्या. त्याच्यावर प्रकाश मुख्यतः खालून, सूर्याच्या पोटातून येतो आणि आपल्याकडे येताना साधारण काटकोनात वळतो. म्हणून कडेजवळच्या प्रकाशात थोडं रेषीय ध्रुवण असतं. किती थोडं? बहुतेक रेषांत हजारात एखादा भाग, कधी त्याहूनही कमी.

इतकं बारीक मोजायचं तर दोन अडचणी. पहिली म्हणजे आपली हवा. ती सतत थरथरते, म्हणून आत्ताचं चित्र आणि पुढच्या क्षणाचं चित्र यांची वजाबाकी केली तर हवेचाच फरक हाती येतो. १९९० च्या दशकात झुरिकच्या ईटीएच या संस्थेत झिंपॉल नावाचं यंत्र तयार झालं, ते यावरचा उपाय म्हणून. त्यात काचेचा एक तुकडा सेकंदाला चाळीस हजारांहून जास्त वेळा कंप पावतो आणि त्या तालावर एक ध्रुवण, मग दुसरं ध्रुवण असं आळीपाळीने पुढे जातं. मागच्या सीसीडी कॅमेऱ्यात एकाआड एक ओळी झाकलेल्या. पहिल्या ध्रुवणाचा चार्ज जमला की तो झाकलेल्या ओळीखाली सरकवायचा, दुसऱ्याचा जमवायचा, मग अदलाबदल. सगळं त्याच तालात. हवेला थरथरायला वेळच मिळत नाही, आणि दोन्ही मापं एकाच पिक्सेलने घेतल्यामुळे पिक्सेलचा दोषही कटतो. ई अँड टीसीवाल्यांनी ओळखलंच असेल, प्रत्येक पिक्सेलमागे एक लॉक-इन अँप्लिफायर बसवल्यासारखंच हे आहे!

दुसरी अडचण फोटॉनची. एन फोटॉन मोजले की चूक वर्गमूळात एन. लाखात एक इतकं अचूक मोजायचं तर एक हजार कोटी फोटॉन हवेत. म्हणजे डोळे दिपवणारा सूर्य समोर असूनही या लोकांना प्रकाश पुरत नाही! हे वाचून मला फार मजा वाटली.

पण जे दिसलं ते भारी होतं. नुसत्या ध्रुवणाचा पट्टा काढला तर तो नेहमीच्या स्पेक्ट्रमसारखा दिसतच नाही. जणू दुसऱ्याच ताऱ्याचा आहे. म्हणून त्याला 'सेकंड सोलर स्पेक्ट्रम' म्हणतात. साध्या स्पेक्ट्रममध्ये दादागिरी करणाऱ्या काही रेषा इथे गप्प, आणि तिथे जेमतेम दिसणाऱ्या, बॅकबेंचर म्हणाव्यात अशा रेणूंच्या रेषा इथे ठळक.

लोट्यातली रांगोळी

आता चुंबकीय क्षेत्र यात कुठून आलं? त्यासाठी १९२४ सालच्या जर्मनीत, ग्यॉटिंगनला जाऊ. विल्हेल्म हानले नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने पाऱ्याच्या वाफेवर प्रयोग करून दाखवलं की, विखुरलेल्या प्रकाशाचं ध्रुवण अगदी कमकुवत चुंबकीय क्षेत्रानेही घटतं.

हे समजायला मला एक आठवडा लागला. तुम्हाला एका मिनिटात सांगते. बुडाला बारीक भोक पाडलेला लोटा दोरीने छताला टांगा, त्यात रांगोळी भरा आणि झोका द्या. जमिनीवर एक सरळ रेघ पडेल. झोका हळूहळू मंदावेल आणि थांबेल. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला अणू असाच एका दिशेत कंप पावत प्रकाश सोडतो आणि साधारण एका सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात शांत होतो. सरळ रेघ म्हणजे पूर्ण ध्रुवण.

आता झोका चालू असतानाच त्याची पातळी कोणीतरी हळूहळू गोल फिरवतंय असं समजा. रेघेऐवजी पाकळ्या पाकळ्यांचं फूल उमटेल. चुंबकीय क्षेत्र हेच करतं. १ गॉसमध्ये ही फिरकी सेकंदाला सुमारे १४ लाख फेऱ्या इतकी. वेग अफाट वाटतो, पण अणूचं आयुष्यच इतकं कमी की तेवढ्यात जेमतेम ५ अंश फिरून होतं. १० गॉसला मात्र ५० अंश. म्हणजे जिथे झीमानची रेष ढिम्म हलत नाही, तिथे हानलेचं फूल चांगलंच पसरलेलं असतं.

आणि मुख्य गोष्ट ही की, फिरकी डावीकडे असो वा उजवीकडे, फूल हे फूलच. एका पिक्सेलमध्ये उत्तर-दक्षिण कितीही मिसळलेलं असलं तरी सगळीकडे रेघ मोडून फूलच होणार, ध्रुवण घटणारच. अधिक-उणे रद्द होण्याचा प्रश्नच नाही.

हा आपला एसी मीटर.

मग रेणू कशाला हवेत?

मला वाटलं, संपला सेमिनार! पण पुढे खरी गोची आहे. ध्रुवण 'घटलं' असं म्हणायला ते मुळात किती होतं हे माहीत नको? प्रयोगशाळेत मॅग्नेट बंद करून बघता येतं. सूर्याचा स्विच कुठेय? मग कॉम्प्युटरवर सूर्याचं मॉडेल करायचं, चुंबकाशिवाय किती ध्रुवण आलं असतं ते काढायचं आणि त्याच्याशी तुलना करायची. मॉडेलमध्ये तापमान किंवा अणूंच्या टकरी जरा चुकल्या की ती चूक थेट उत्तरात येणार.

इथे रेणू मदतीला येतात. पण सूर्यावर रेणू? साडेपाच हजार अंश सेल्सियस तापमानात? हो, दोन अणूंचे चिवट रेणू तिथेही तग धरतात. मॅग्नेशियम हायड्राइड, सीएन, सीएच आणि दोन कार्बन अणूंची जोडी, म्हणजे सी-टू. डाग आणखी थंड असतात, तिथे तर १९९५ मध्ये चक्क पाण्याची वाफ सापडली. सी-टू तुम्हीही रोज बघता. मेसच्या गॅसच्या आतल्या निळसर-हिरव्या ज्योतीत हाच रेणू चमकत असतो.

अणू हा एकटा जीव. रेणू फिरतोसुद्धा, आणि त्याच्या फिरण्याचे वेग ठरावीक पायऱ्यांचे असतात. त्यामुळे एका रेषेऐवजी रेषांचा अख्खा जथाच मिळतो. सी-टूच्या हिरव्या रेषा, ५१४० अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या, तिघी-तिघींच्या गटाने येतात. या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. त्यांचा एकत्रित स्पिन, म्हणजे एक छोटा लोहचुंबकच, रेणूच्या फिरण्याशी तीन प्रकारे जुळू शकतो. बरोबर, उलटा किंवा आडवा. बरोबर आणि उलटा असेल तर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो. आडवा असेल तर जवळजवळ होतच नाही.

म्हणजे तीन बहिणी, एकाच घरात राहणाऱ्या. तेच तापमान, त्याच टकरी, तोच खालून येणारा प्रकाश. फरक एकच. दोघींना चुंबक बाधतो, तिसरीला बाधत नाही. मेसमध्ये सगळ्यांनी जेवण सारखंच घेतलं, फक्त पनीर तिसरीने खाल्लं नाही, आणि बाकीच्या दोघी आजारी पडल्या. दोष कशाला द्यायचा ते कळलं ना? तिसरीच्या ध्रुवणाशी दोघींच्या ध्रुवणाचं गुणोत्तर काढायचं. तापमानाची चूक, टकरींची चूक वरही आहे आणि खालीही. ती बरीचशी कटून जाते, उरतो तो चुंबकाचा परिणाम. सूर्याचा स्विच बंद न करता 'बंद' रीडिंग मिळालं! आपल्या भाषेत हा डिफरन्शियल अँप्लिफायर. कॉमन मोड बाद, सिग्नल तेवढा ठेवायचा. नावसुद्धा डिफरन्शियल हानले परिणाम असंच आहे.

दोन मीटर, दोन उत्तरं

२००४ साली स्वेतलाना बेर्द्युगिना आणि डॉमिनिक फ्लुरी यांनी सी-टूच्या रेषांवरून शांत सूर्याचं गोंधळलेलं क्षेत्र काढलं. सुमारे १५ गॉस.

त्याच वर्षी जुलैमध्ये 'नेचर'मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या हावियेर त्रुहियो ब्वेनो यांचा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा लेख आला. त्यांनी स्ट्राँशियम अणूची निळी रेष घेतली होती. उत्तर सरासरी १३० गॉसच्या आसपास! एकाच सूर्याची दोन उत्तरं, दहापट फरकाची. आमच्या लॅबमध्ये असं झालं असतं तर आम्ही निमूटपणे एक रीडिंग खोडून दुसरं लिहिलं असतं. (सर, हे फक्त उदाहरण आहे.)

त्यांनी खोडलं नाही. सी-टूचा प्रकाश नेमका कुठून येतो ते तपासलं. तो मुख्यतः ग्रॅन्यूलच्या आतून, वर येणाऱ्या गरम वायूतून येतो असं दिसलं. त्यांच्या हिशोबात तिथलं क्षेत्र १० गॉसच्या घरात. स्ट्राँशियमचा प्रकाश मात्र ग्रॅन्यूल आणि मधल्या फटी दोन्हीकडून येतो. मग सरासरी १३० व्हायची तर फटींमध्ये २०० गॉसहून जास्त असलं पाहिजे. दोन्ही मीटर बरोबर होते. दोघांना प्रश्न वेगवेगळ्या जागी विचारला गेला होता.

चुंबकीय ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून या उत्तराला फार किंमत आहे. ज्या भागात मीटर जवळजवळ शून्य दाखवत होता, तिथे एवढी ऊर्जा लपलेली होती की वायूच्या खळबळीच्या ऊर्जेशी तिची तुलना करावी. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि त्याच्या बाहेरचा कोरोना दहा लाखांच्या वर, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. ती उष्णता कुठून येते हे शोधताना हा लपलेला साठा हिशोबात धरावाच लागतो.

आकड्यांवर वाद आजही आहेत, कारण उत्तर मॉडेलवर थोडंफार अवलंबून राहतंच. २००७ पासून स्वित्झर्लंडच्या लोकार्नोमधल्या वेधशाळेने याच सी-टू रेषा नियमित मोजायला घेतल्या. सूर्याच्या ११ वर्षांच्या डागचक्राबरोबर हे गोंधळलेलं क्षेत्र बदलतं का, हे बघायला. बदलत नसेल तर ते डागांचं उरलंसुरलं नसून वायूच्या घुसळणीतून तिथल्या तिथे तयार होतं असं म्हणता येईल, आपल्या सेल्फ-एक्सायटेड जनरेटरसारखं.

व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" मी खरं तेच सांगितलं. १९८९ च्या मार्चमध्ये सौर वादळाने कॅनडाच्या क्यूबेक प्रांताचा अख्खा ग्रिड बंद पाडला होता, पण तसली वादळं डागांच्या भागातून येतात, या बारीक क्षेत्रांतून नाही. या मापनाने ग्रिड वाचणार नाही. सूर्याच्या जमाखर्चाच्या वहीत एक मोठी रक्कम लिहायची राहिली होती, ती लिहिली गेली, एवढंच. सर हसले आणि पुढच्या स्लाइडला या म्हणाले.

आपल्याकडे

हे सगळं फक्त युरोपातलं आहे असं समजू नका. सूर्यप्रकाशाच्या ध्रुवणावरची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा ऑक्टोबर १९९८ मध्ये बंगलोरला झाली होती, आणि तिथल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत के. एन. नागेंद्र यांनी या विषयाच्या गणितावर अनेक वर्षं काम केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या आदित्य-एल१ वरच्या एका उपकरणात कोरोनातल्या लोखंडाच्या इन्फ्रारेड रेषेचं ध्रुवण मोजायची सोय आहे. तिथे रेणू नाहीत, पण युक्ती याच घराण्यातली.

आणि एक गोष्ट वाचून मला आपल्या जमातीचा अभिमान वाटला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ पासून सूर्य-ताऱ्यांचे स्पेक्ट्रम बघणारी वेधशाळा होती. कावसजी दादाभाई नायगामवाला ती चालवत. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. इंजिनिअरिंग कॉलेजात सूर्याचा अभ्यास, ही काही माझी एकटीची टूम नाही!

गच्चीवर या

शेवटी एक प्रयोग, बिनखर्चाचा. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवर एक करडी फिल्म चिकटवलेली असते. ब्लेडने ती अलगद सोडवा. सकाळी सातच्या सुमारास, सूर्य पूर्वेला खाली असताना, गच्चीवर जा आणि फिल्ममधून डोक्यावरच्या निळ्या आकाशाकडे बघत ती बोटांत फिरवा. आकाश गडद होईल, फिकं होईल, परत गडद होईल. सूर्याकडे मात्र फिल्ममधून किंवा तशाही उघड्या डोळ्यांनी अजिबात बघू नका. डोळे कायमचे जातील.

पहिल्यांदा हे बघायला मी रूममेटला घेऊन गेले होते. बराच वेळ फिल्म फिरवून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे हे रोज डोक्यावर असतं आणि आपल्याला दिसत नाही?" मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "आणि तुझा मीटर?"

माझ्या मल्टिमीटरच्या चकतीशेजारी आता तिच्या अक्षरातली एक पट्टी चिकटवलेली आहे: 'आधी इथे बघ.' रविवारी सकाळी पाऊस नसेल आणि रेक्टर मॅडमनी गच्चीची किल्ली दिली, तर मी फिल्म घेऊन वर असेन. ज्यांना बघायचंय त्यांनी खुशाल या.